शिंजुकू निचोमेला जाण्यापूर्वी

दोन पुरुषांनी जोडीने टोकियोला जावे का आणि गेल्यास काही अडचण येते का, असे गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या तीन-चार मुलांनी मला विचारले. प्रत्येकाला निरोपातून तेच तेच लिहिण्यापेक्षा तिथल्या शिंजुकू निचोमे या समलिंगी बारांच्या वस्तीसह सगळे एकदा नीट मांडावे, म्हणून हे लिहीत आहे. मी आणि माझा जोडीदार त्या शहरात दोनदा राहून आलो आहोत. त्यामुळे जे सांगतो आहे त्यात थोडे वाचलेले आणि बरेचसे स्वतः चुकून शिकलेले आहे.

कायद्याचे आधी सांगून टाकतो. जपानमध्ये समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. मेइजी काळात थोडी वर्षे तसा कायदा होता, पण १८८२ साली लागू झालेल्या दंडसंहितेतून तो वगळला गेला. आपल्याकडचे कलम ३७७ हटायला मात्र २०१८ साल उजाडले. समलिंगी विवाहाला तिथेही देशपातळीवर मान्यता नाही. टोकियो महानगराने नोव्हेंबर २०२२ पासून जोडीदार नोंदणीची सोय केली आहे, पण ती तिथे राहणाऱ्यांसाठी आहे आणि आठ दिवसांच्या पाहुण्याला तिचा काही उपयोग नाही.

हॉटेलात आम्हाला कोणीही भुवई उंचावून पाहिले नाही. फक्त खोली घेताना शब्द नीट वाचावेत: ‘ट्विन’ म्हणजे दोन वेगळे पलंग, ‘डबल’ म्हणजे एक, आणि ‘सेमी-डबल’ म्हणजे साधारण १२० सेंटीमीटर रुंदीचा पलंग, ज्यावर दोन धडधाकट पुरुषांनी झोपणे ही प्रेमाची परीक्षाच ठरते. तासांच्या हिशेबाने मिळणाऱ्या लव्ह हॉटेलांपैकी काही ठिकाणी मात्र दोन पुरुषांना नकार मिळू शकतो. तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो.

एकंदरीत टोकियोत तुम्हाला कोणी काही विचारत नाही. आपल्याकडच्या अनेक घरांत जसे सगळ्यांना सगळे माहीत असते आणि तरीही ते कोणी बोलायचे नसते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. रस्त्यात हात धरून चालल्यास कोणी अंगावर येणार नाही, पण तिथे नवरा-बायकोही चारचौघांत फारशी जवळीक दाखवत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. ही शांतता मला पहिल्या दोन दिवसांत स्वातंत्र्यासारखी वाटली. नंतर कळले की ती तिथल्या समलिंगी मुलांवर ओझ्यासारखीही असते.

ते ओझे उतरवून ठेवायची जागा म्हणजे शिंजुकू निचोमे. शिंजुकू स्थानक जगातले सर्वांत गर्दीचे मानले जाते. त्याला दोनशेहून अधिक दारे आहेत आणि पहिल्या संध्याकाळी आम्ही पाऊण तास आतल्या आतच फिरत होतो. म्हणून तिथे उतरूच नये. शिंजुकू-सानचोमे या शेजारच्या भुयारी स्थानकावर उतरून सी-८ क्रमांकाच्या दाराने वर यावे, म्हणजे निचोमे दोन-चार मिनिटांच्या अंतरावर असते. ही पूर्वी परवानगीने चालणारी वेश्यावस्ती होती. १९५६ साली झालेला वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा १९५८ मध्ये पूर्णपणे लागू झाल्यावर इथली घरे ओस पडली आणि रिकाम्या झालेल्या छोट्या छोट्या खोल्यांत हळूहळू समलिंगी पुरुषांचे बार उभे राहिले. आज मोजक्या गल्ल्यांत मिळून तीनशेच्या आसपास बार आहेत, असे सांगतात.

हा आकडा ऐकून डोळ्यांसमोर जे येते, तसे तिथे काहीच नसते. बहुतेक बार म्हणजे अरुंद जिना चढून गेल्यावर लागणारी, आठ-दहा खुर्च्यांची एक खोली. काउंटरपलीकडे मालक उभा असतो. तो पुरुष असला तरी त्याला बहुधा ‘मामा’ म्हणतात. (आपल्या कानांना हे ऐकून आधी हसू येते, तिथे त्याचा अर्थ आई असा आहे.) बसल्याबरोबर न मागता काहीतरी खायला पुढे येते आणि बसण्याचे पैसे बिलात वेगळे लागतात, ही फसवणूक नसून तिथली रीत आहे. बक्षिशी मात्र द्यायची नसते. नेहमीचे गिऱ्हाईक आपली बाटली नाव घालून तिथेच ठेवते. थोडक्यात, हे दुकान कमी आणि कुणाचे तरी माजघर जास्त असते, आणि माजघरात अनोळखी माणसाने कसे वागावे हे आपल्याला शिकवावे लागत नाही.

एका ठिकाणी दार उघडताच मालकाने दोन्ही मनगटांची फुली करून आम्हाला परत पाठवले. मला संताप आला. माझा जोडीदार म्हणाला, ‘अरे, त्याला आपल्याशी बोलता येत नाही आणि त्याच्याकडे गप्पांसाठीच लोक येतात.’ तो बऱ्याच अंशी बरोबर होता, जरी काही ठिकाणी परदेशी माणूस नको ही सरळ अढीच असते आणि तिला दुसरे नाव देण्याची मला गरज वाटत नाही. सुरुवात म्हणून आयरो कॅफेसारख्या, रस्त्यावर उघडणाऱ्या जागी जावे. तिथे सर्व देशांची माणसे फुटपाथपर्यंत उभी असतात. तिथे ओळख झालेला एखादा स्थानिक मुलगा सोबत असला की वरच्या मजल्यांची दारेही उघडतात. स्त्रियांसाठी जागा कमी आहेत. त्यांत गोल्डफिंगर हे नाव सर्वांत परिचित आहे.

दोन-चार शब्द कानावर असू द्यावेत. ‘ओकामा’ आणि ‘होमो’ हे शब्द बाहेरच्याने वापरल्यास शिवीच ठरतात, ‘गेइ’ चालतो. आपापसांत मात्र ते ‘कोच्ची’ म्हणतात, म्हणजे ‘इकडचा’. आपण ‘आपल्यातला’ म्हणतो तसेच.

फोटोच्या बाबतीत मी कडक होऊन सांगतो: बारच्या आत कोणाचाही चेहरा टिपू नये. तिथे बसलेला माणूस सकाळी अशा कचेरीत जाणार असतो, जिथे त्याच्याविषयी कोणालाही माहीत नसते. २०१५ मध्ये टोकियो परिसरातील एका विद्यार्थ्याचे समलिंगी असणे वर्गमित्राने समूहसंवादात उघड केले आणि पुढे त्या विद्यार्थ्याचा इमारतीवरून पडून मृत्यू झाला. त्यानंतर २०१८ मध्ये कुनिताची शहराने असे गुपित फोडण्यास नियमाने मनाई केली. तुमची सहलीची आठवण कोणाच्या तरी नोकरीपेक्षा मोठी नाही.

सामानात पॉपर्स (हुंगायच्या उत्तेजक द्रवाच्या छोट्या बाटल्या) असतील तर ती घरीच ठेवावीत. जपानमध्ये ती बेकायदा असून त्यापायी अटक होऊ शकते. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे, त्यात एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी घेतले जाणारे प्रेपही आले, एका महिन्यापुरती सहसा वेगळ्या परवान्याशिवाय नेता येतात. चिठ्ठी सोबत ठेवावी. एचआयव्ही असलेल्यांना प्रवेशबंदी नाही. पासपोर्ट कायम जवळ बाळगणे पाहुण्यांना कायद्यानेच बंधनकारक आहे. काबुकिचो या शिंजुकूतल्याच रात्रीच्या करमणुकीच्या भागात रस्त्यावर गोड बोलून बारमध्ये नेणारे भेटतात. त्यांच्यामागे जाऊ नये.

गाड्या साधारण बारा-साडेबाराला थांबतात आणि पहाटे पाचच्या आसपास सुरू होतात. रात्री दहानंतर टॅक्सीचे भाडे वीस टक्क्यांनी चढते. म्हणून अकराला ठरवावे: आत्ताच निघायचे, की उजाडेपर्यंत बसायचे. निशिकासाई या भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि आपल्यापैकी अनेकांचा एखादा मावसभाऊ तिथे संगणकाच्या नोकरीत असतोच. त्याच्याकडे उतरला असाल, तर भुयारी रेल्वेच्या तोझाई मार्गाने कुदानशिताला येऊन शिंजुकू मार्ग धरावा, म्हणजे थेट सानचोमेला पोहोचता येते. रात्रभर कुठे होतास, असे वहिनींनी सकाळी विचारलेच, तर शेवटची गाडी चुकली असे सांगावे. टोकियोत या उत्तरावर कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही.