आमची वाटचाल : रस्ता जिथे संपतो तिथपर्यंत

विमा कंपन्यांचे क्लेम तपासण्यात बरीच वर्षं घालवून २००९ साली मी पुण्यात कोथरूडला दोन खोल्यांत डिटेक्टिव्ह एजन्सीचं ऑफिस टाकलं. शॉप ॲक्टची नोंदणी आणि पॅन, एवढ्यावर काम सुरू झालं. डिटेक्टिव्हचं लायसन्स आपल्याकडे नाहीच. त्यासाठीचं विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत आलं, रखडलं आणि २०२० मध्ये मागे घेतलं गेलं. लोकांना वाटतं, कायदा नाही म्हणजे रान मोकळं. खरं तर आम्हाला कुठलाच खास अधिकार नाही. वाटसरूला रस्त्यावरून जे दिसेल, तेवढंच आम्ही बघायचं.

पाळतीचं निम्मं काम आदल्या दिवशी होतं. रेकी करायची: गेट किती, वन-वे कुठला, कुठे थांबलं तर कुणाला खटकणार नाही. दोन दुचाक्या, दोन माणसं, त्यात शक्यतो एक बाई. गाडी सुटली तर सुटू द्यायची, सिग्नल तोडायचा नाही. सोसायटीच्या आत शिरायचं नाही, कुणाच्या गाडीला जीपीएस चिकटवायचा नाही.

चाकणच्या एका कारखान्याचा सुपरवायझर पाठीच्या दुखण्याची रजा घेऊन भोसरीत दुसरीकडे काम करतो, असा मालकांना संशय होता. समोरच्या अमृततुल्यात आमचा मुलगा तीन दिवस बसला. त्याला घाई झाली होती. म्हणाला, महापालिकेचा माणूस म्हणून आत जाऊन येऊ का? सरकारी नोकर असल्याची बतावणी हा गुन्हा आहे. मी त्याला जागेवरून हलू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी शटर पूर्ण वर गेलं आणि रस्त्यावरूनच फोटो मिळाला. त्याने वहीत लिहिलं, ‘१०.१५, टेम्पोतून दोन पेट्या स्वतः उचलून उतरवल्या. माणूस ठणठणीत आहे.’ दुसरं वाक्य मी खोडायला लावलं. ठणठणीत आहे की नाही ते डॉक्टर सांगतील, आम्ही पेट्या पाहिल्या.

फोटोचं मूळ मेमरी कार्ड आम्ही सीलबंद ठेवतो. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्राची अट पुन्हा पक्की केली, आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅशही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळायचा कोड, द्यावा लागतो. वकिलांना आमचा रिपोर्ट याच कागदामुळे उपयोगी पडतो.

आता जे सांगायला मला जड जातं ते. सुरुवातीच्या काळात एक गृहस्थ आले. बायको रागावून गेलीय, कुठे आहे तेवढं शोधून द्या, असं डोळ्यांत पाणी आणून म्हणाले. मी काहीच विचारलं नाही. चार दिवसांत पिंपरीतला भाग कळला आणि मी तो फोनवर सांगून मोकळा झालो. दुसऱ्या सकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे आमची पहिली फील्ड ऑफिसर. ‘साहेब, ही बाई गेटवर वॉचमन येईपर्यंत थांबते, मग मागे बघत बघत बस पकडते. रोज वेगळा स्टॉप. ती कुणाला तरी घाबरून राहतेय.’ तोपर्यंत तो माणूस तिच्या दारात जाऊन आला होता. शेजारी धावले म्हणून निभावलं, पण तिला घर सोडावं लागलं. ती चूक माझी होती.

तेव्हापासून घर सोडून गेलेल्या प्रौढ माणसाचा पत्ता आम्ही क्लायंटला देत नाही. त्या व्यक्तीला निरोप पोचवतो. तिने हो म्हटलं तरच पुढे. कोर्टात प्रकरण असेल तर वकिलामार्फतच बोलतो. स्त्रीची इच्छा नसताना तिच्या मागे जाऊन वारंवार संपर्क साधणं २०१३ पासून गुन्हा आहे, आता न्याय संहितेचं कलम ७८. अशा माणसाचे पाय आम्ही व्हायचं नाही.

सीडीआर, म्हणजे कुणाच्या फोनचे कॉल रेकॉर्ड, मागणारे तर अजून येतात. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉल रेकॉर्ड विकणारी साखळी पकडली, त्यात आमच्याच व्यवसायातली माणसं अटकेत गेली. आम्ही त्या क्लायंटला चहासुद्धा विचारत नाही.

आज आम्ही सात जण आहोत. नव्या मुलाला ताई पहिले पंधरा दिवस कुणाच्याच मागे पाठवत नाही. कर्वे पुतळ्यापाशी उभं करून दिसेल ते वेळेसकट लिहायला लावते आणि संध्याकाळी त्यातले अंदाजाचे शब्द लाल पेनाने खोडते.