टर्नटेबलखालचं रबर किती दबतं, ते आधी मोजा

टर्नटेबलच्या, म्हणजे तबकडी वाजवायच्या यंत्राच्या, पायांखाली काहीतरी मऊ घाला, आवाज सुधारेल, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो खोटा नाही, पण अर्धाच आहे. किती मऊ आणि किती वजनाखाली, हे न बघता घातलेलं रबर एक तर काहीच करत नाही, नाहीतर होता तो आवाजही बिघडवतं.

सुईला गाणं कुठलं आणि हादरा कुठला, हे कळत नाही. तबकडीची खाच केसाएवढी बारीक आणि तानपुऱ्यासारख्या हलक्या स्वरांचे तिच्यातले वळसे त्याहून कितीतरी बारीक. त्यात तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी ठेवलेला असतो आणि वाजवताना फोनो प्रीअँप (सुईकडून आलेला बारीक सिग्नल वाढवणारा भाग) तो परत वाढवतो. १००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंप) तुलनेत २० हर्ट्झला ही वाढ सुमारे १९ डेसिबल, म्हणजे जवळपास नऊपट. जमिनीतून आलेल्या खालच्या सुरातल्या हादऱ्यालाही तेवढंच बळ मिळतं.

आपल्या भागात हा हादरा कुठून येतो, ते घरावर अवलंबून आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या घरांत कडीपाटाची माडी असते. तिथे माणूस चालला की फळ्यांबरोबर टेबलही हलतं. वडगाव, खासबाग, शहापूरकडे शेजारी माग चालू असेल तर त्याचा ठोका पायापर्यंत पोचतो. टिळकवाडीत रेल्वे गेटाजवळ राहणाऱ्यांना गाडीची घरघर वेगळी सांगायला नको. तळमजल्यावर मातीवर बसवलेली फरशी असेल तर पावलांचा त्रास जवळजवळ नसतोच, तिथे गुन्हेगार बहुधा स्पीकरच असतो.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी दोन फुकटातल्या गोष्टी करा. स्पीकर टर्नटेबलच्या टेबलावरून खाली उतरवा. माडीवर टेबल खोलीच्या मधोमध नको, तुळईचं टोक भिंतीत जिथे टेकतं त्या बाजूला सरकवा, कारण तुळई मध्ये सगळ्यात जास्त लवते. जाड भिंतीत खोल कोनाडा असेल आणि त्यात टर्नटेबल झाकण उघडून मावत असेल, तर त्याच्यासारखी जागा नाही. आजोबांच्या काळच्या भिंतीचं वजन कुठल्याही स्टँडला येणार नाही. जांभ्याच्या भिंतीवर मात्र ब्रॅकेट ठोकताना सांध्यात नको, चिऱ्यात ठोका. सांध्यातला प्लग काही महिन्यांत सैल होतो.

आता रबर. टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) मिळून स्प्रिंगवर ठेवलेल्या वजनासारखे झुलतात. ही झुलण्याची गती साधारण ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावी असं धरतात. रबरावर ठेवलेलं टर्नटेबल ही दुसरी स्प्रिंग. दोन्हींची गती एकच झाली तर हादरा अडण्याऐवजी वाढतो. रबराची गती काढायला यंत्र लागत नाही, पट्टी लागते. वजन ठेवल्यावर रबर किती मिलिमीटर दबलं ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. १ मिमी दबलं तर सुमारे १६ हर्ट्झ, ३ मिमीला ९, ६ मिमीला साडेसहा, १० मिमीला ५. रबर हलत्या भाराला थोडं जास्त ताठ वागतं, म्हणून खरा आकडा यापेक्षा जरा वरच असतो. आणि अडवण्याचं काम या गतीच्या सुमारे १.४ पटीच्या वरच सुरू होतं. म्हणजे दोन-तीन मिलिमीटर दबणारं रबर नेमकं टोनआर्मच्या गतीवर येऊन बसतं. बाजारातले बहुतेक छोटे पॅड हलक्या टर्नटेबलखाली असेच वागतात.

बेळगावात आणखी एक मोह आहे. उद्यमबागेत यंत्रांखाली घालायचे रबर माउंट सहज मिळतात आणि दिसायला दणकट असतात. ते लेथसारख्या शेकडो किलोंच्या यंत्रासाठी असतात. पाच किलोंचं टर्नटेबल त्यांना कळतही नाही, त्यापेक्षा लाकडी ठोकळा घातलेला काय वाईट?

स्वस्तात जमणारी आणि आकडे आधीच माहीत असलेली वस्तू म्हणजे स्क्वॉशचा बॉल. खेळाच्या नियमांत त्याचा व्यास ४० मिमी, वजन २४ ग्रॅम आणि ताठपणा मिलिमीटरला साधारण ३.२ न्यूटन, म्हणजे १ मिमी दाबायला सुमारे ३३० ग्रॅम. अडीच किलोंचं प्लॅस्टिकचं टर्नटेबल थेट चार बॉलवर ठेवलं तर प्रत्येकावर सव्वासहाशे ग्रॅम येतात, बॉल दोन मिलिमीटर दबतो आणि गती येते ११ हर्ट्झ. नको तिथेच. म्हणून मध्ये वजन हवं.

ते वजन म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्याचा कडप्पा. ४५ बाय ३५ सेंटिमीटरचा, २० मिमी जाडीचा तुकडा साडेआठ किलोंच्या आसपास भरतो. दगड कापणाऱ्याकडे ओट्याचा उरलेला तुकडा मागा आणि कडा घासून घ्या. पाच किलोंचं टर्नटेबल वर ठेवलं की एकूण साडेतेरा किलो, प्रत्येक बॉलवर ३.४ किलो, दाब दहा मिलिमीटर, गती ५ हर्ट्झ. हे हवं होतं. टर्नटेबल आठ किलोंचं असेल तर चार बॉल तिसऱ्या हिश्शापर्यंत चपटे व्हायला येतात आणि ताठ होतात, मग सहा बॉल घाला.

बॉल घरंगळू नये म्हणून ४० मिमीच्या पीव्हीसी पाइपच्या ६ मिमी उंचीच्या कड्या कापा. कडी उंच नको. बाटलीचं झाकण तर नकोच, बॉल झाकणाच्या काठावर टांगला जातो आणि काठाशी घट्ट होतो. बॉल टेबलाला टेकलाच पाहिजे, कडीने फक्त वाट अडवायची. पॉलिश केलेल्या सागवानी टेबलावर रबर महिनाभरात काळा डाग पाडतं, म्हणून प्रत्येक कडीखाली काचेचा किंवा टाइलचा तुकडा ठेवा.

बॉल कडप्प्याच्या कोपऱ्यांपासून चार-पाच सेंटिमीटर आत ठेवा. जवळजवळ ठेवले तर दगड डोलतो. कडप्पा बोटाने टिचकी मारल्यावर टणकन वाजतो, म्हणून त्याच्या आणि टर्नटेबलच्या मध्ये ३ मिमी कॉर्क अंथरा. टर्नटेबलचे मूळ पाय तसेच राहू द्या. मग पाणसळ प्लॅटरवर (तबकडी ठेवायच्या फिरत्या थाळीवर) ठेवून दोन्ही दिशांनी बघा. मोटरची बाजू बहुधा खाली गेलेली असते, त्या बाजूचा बॉल थोडा बाहेर किंवा आत सरकवून पातळी आणा. बॉलखाली कागदाच्या घड्या घालू नका, त्या दबत जातात आणि आठवड्यात पुन्हा तिरकं होतं.

ज्यांच्या टर्नटेबलमध्ये आतच स्प्रिंगवर टांगलेली चौकट आहे, थोरेन्स टीडी १५० किंवा लिन एलपी १२ सारखी, त्यांनी यातलं काही करू नये. स्प्रिंगखाली स्प्रिंग आली की दोन्ही एकमेकांना झुलवत बसतात. त्यांना हलकं, ताठ टेबल किंवा भिंतीवरची फळी पुरते.

फरक पडला का, ते कानाने ठरवण्याआधी एक चाचणी करा. मोटर बंद, तबकडी थांबलेली, सुई खाचेत, आवाज नेहमीएवढाच. टेबलावर बोटाच्या पेराने ठोका, मग खोलीतून चाला. बॉल घालण्याआधी आणि नंतर स्पीकरमधून येणारा धप्प आवाज ऐका. आवाज वाढवून ही चाचणी करू नका, स्पीकर आणि सुई एकमेकांना चढवत नेतात आणि वूफर (खर्ज वाजवणारा स्पीकर) जायला वेळ लागत नाही.

काही गोष्टी मात्र बॉलने सुटत नाहीत. वूफर दर १.८ सेकंदांनी आत-बाहेर होत असेल तर तो ३३⅓ फेऱ्यांचा एक फेरा आहे, म्हणजे तबकडी वाकलेली आहे. मोटरची गुणगुण आतूनच येते, तिच्यासाठी पट्टा आणि बेअरिंगचं तेल बघा. मागाचा ठोका मुळात काही हर्ट्झचाच असतो, त्याच्या वरच्या सुरांतला खडखडाट कमी होईल, ठोका नाही. तिथे लहान मुलांच्या सायकलची १२ इंची ट्यूब कडप्प्याखाली घाला, दगड जेमतेम सेंटिमीटरभर तरंगेल एवढीच हवा भरा. गती आणखी खाली जाते. पण हवा उतरते, दर काही आठवड्यांनी भरून पातळी पुन्हा बघावी लागते, आणि सुई ठेवताना हाताचा धक्का लागला तर सगळं डुलतं.

ऐकायला मोठ्या वाद्यवृंदाची तबकडी लावू नका, तिथे फरक झाकला जातो. सुळेभावीला १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा विलंबित ख्याल लावा आणि आलापाच्या दोन वाक्यांमधल्या जागेत फक्त तानपुरा ऐका. आधी तिथे एक मळकट घुमारा असेल, तर तो उतरलेला लगेच कळतो.

नव्या रबराला पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त बैठक बसते. आठ दिवसांनी पाणसळ पुन्हा ठेवा आणि मग टोनआर्मचं वजन (सुईचा तबकडीवरचा दाब) व अँटीस्केट (टोनआर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली जोडणी) तपासा. पुढे सहा महिन्यांनी एकदा पट्टी लावा. बॉल काढून रात्रभर ठेवल्यावरही गोल झाला नाही, तर चारही एकदम बदला. एकच बदलला तर नवा कोपरा उंच राहतो.