सॅमन कोणत्या बाजूला मांडायचा?

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्नेक नदीच्या खालच्या टप्प्यात चार धरणं आहेत: आइस हार्बर, लोअर मॉन्युमेंटल, लिटल गूझ आणि लोअर ग्रॅनाइट. शेवटचं 1975 साली पुरं झालं. ती ठेवावीत की फोडावीत, यावर तिथे दोन पिढ्या भांडण चालू आहे. फोडा म्हणणाऱ्यांचं कारण सॅमन: समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत परतणारा मासा, ज्याची वाट ही धरणं अडवतात. मी पोर्टलंडच्या एका सल्लागार संस्थेत अर्थतज्ज्ञ आहे. 2022 च्या उन्हाळ्यात आमच्या गटाकडे या धरणांच्या नफ्यातोट्याचं काम होतं आणि त्यासाठी आम्ही नदीकाठी गेलो होतो. त्या दौऱ्यातल्या एका दिवसाबद्दल लिहायचं आहे.

सकाळी अल्मोटाच्या धक्क्यावर एक गहू पिकवणारे शेतकरी भेटले. मागे धान्याची उंच कोठारं, समोर बार्ज, म्हणजे माल वाहणारी सपाट बोट, भरत होता. एका बार्जमध्ये शंभराहून जास्त ट्रकांचा गहू मावतो. या चार धरणांच्या जलपाशांमुळेच, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या कप्प्यांमुळेच, समुद्रापासून साडेसातशे किलोमीटर आत, आयडाहोमधल्या लुइस्टनपर्यंत बार्ज येतात. आमच्या तक्त्यात 'बार्ज बंद, माल रेल्वेने' असा एक पर्याय होता आणि त्यासमोर रेल्वेचं आजचं भाडं धरलेलं होतं. त्यांनी तो तक्ता नीट वाचला आणि म्हणाले, "हे भाडं आज एवढं आहे, कारण शेजारी नदी आहे. नदी बंद झाली की रेल्वेवाले काय मागतील, ते इथे कुठे लिहिलंय?" मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. स्पर्धक उठला की उरलेला एकटा भाव ठरवतो. धरणं फोडा म्हणणाऱ्यांनी या माणसाचं म्हणणं धडपणे ऐकलं असतं, तर वाद इतका चिघळला नसता असं मला मनापासून वाटतं.

तिथून लोअर ग्रॅनाइट धरणावर गेलो. विजेचं गणित दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. चौघांची मिळून स्थापित क्षमता 3,033 मेगावॉट, म्हणजे आपल्या कोयनेच्या दीडपट. पण वर्षाची सरासरी हजाराच्या आसपासच येते. या धरणांमागे साठा फारसा नाही. पूर अडवायला ती बांधलेलीच नाहीत. वसंतात बर्फ वितळून नदी फुगते तेव्हा वीज भरपूर, आणि नेमके तेव्हाच बाजारात भाव पडलेले. खरी किंमत आहे ती जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत, वारा पडलेला असताना आणि घराघरात हीटर चालू असताना हक्काने मिळणाऱ्या विजेची. तिला पर्याय म्हणून काय उभारायचं यावर खर्चाचा आकडा कितीतरी पटींनी हलतो. वॉशिंग्टनच्या सिनेटर पॅटी मरे आणि तेव्हाचे गव्हर्नर जे इन्स्ली यांच्या 2022 च्या अहवालात वीज, वाहतूक, सिंचन अशा सगळ्या सेवांची भरपाई धरून 10.3 ते 27.2 अब्ज डॉलर असा पल्ला दिलेला आहे. एवढा रुंद पल्ला म्हणजे अंदाज चुकलाय असं नव्हे. कोणतं भविष्य गृहीत धरायचं, हेच अजून ठरलेलं नाही.

धरणात एक काचेची खिडकी आहे. फिश लॅडर, म्हणजे माशांसाठी बांधलेला पायऱ्यांचा पाणमार्ग, चढून आलेला प्रत्येक मासा तिच्यासमोरून जातो आणि काचेअलीकडे बसलेली व्यक्ती जात ओळखून नोंद करते. समुद्रापासून इथवर आलेला मासा आठ धरणं चढलेला असतो: आधी कोलंबिया नदीवरची चार, मग स्नेकवरची ही चार. सॉकाय जातीच्या सॅमनला अजून रेडफिश तलाव गाठायचा असतो, समुद्रापासून सुमारे 1,450 किलोमीटर दूर आणि 2,000 मीटर उंचावर. 1992 साली त्या तलावात एकच सॉकाय परतला होता. चढणाऱ्यांपेक्षा उतरणाऱ्या पिल्लांचे हाल जास्त. पूर्वी वसंतातला लोंढा त्यांना झपाट्याने समुद्राकडे नेई. आता संथ, तापलेल्या जलाशयांमधून आठवडेच्या आठवडे जातात. शंभर पिल्लं गेली तर किमान दोन आणि सरासरी चार मोठी होऊन परतावीत, असं या खोऱ्याच्या वीज आणि संवर्धन परिषदेचं उद्दिष्ट आहे. स्नेकच्या जंगली चिनूक जातीच्या सॅमनमध्ये बऱ्याच वर्षी दोनसुद्धा परतत नाहीत.

दुपारची बैठक लॅपवाय इथे, नेझ पर्स या मूलनिवासी जमातीच्या लोकांबरोबर होती. त्यांच्या मत्स्यविभागातल्या एक जीवशास्त्रज्ञ बाई आमचा तक्ता वाचत होत्या. 'लाभ' या रकान्यात लोकांच्या सर्वेक्षणावर बेतलेला एक मोठा आकडा होता. अशा सर्वेक्षणात साधारण असं विचारतात: सॅमन टिकावा म्हणून दरमहा वीजबिलात किती जास्त द्याल? धरणं फोडणं फायद्याचं आहे असं सांगणारे 2019 च्या एका अभ्यासासारखे अभ्यास मुख्यतः याच प्रकारच्या मूल्यावर उभे आहेत आणि त्यांच्यावरची टीकाही इथेच होते.

बाईंनी आकडा मोठा की लहान, यावर शब्दही काढला नाही. त्या म्हणाल्या, "1855 च्या तहात आम्ही जमीन दिली आणि मासेमारीचा हक्क राखला. म्हणजे मासा आमचा आहे. आमचीच वस्तू आम्हाला परत मिळावी म्हणून लोक किती पैसे देतील, हे तुम्ही का विचारताय?"

आमच्या शास्त्रात हा भेद जुना आहे. वस्तू मिळवायला माणूस किती देईल आणि हातची सोडायला किती मागेल, या दोन रकमांत प्रचंड अंतर असतं. कोणती धरायची ते मालकी कोणाची यावरून ठरतं. पाठ्यपुस्तकात हे सगळेच वाचतात. प्रत्यक्षात मात्र जो तो सोपी म्हणून पहिली रक्कम धरतो आणि त्याच क्षणी मालकी धरणाच्या नावावर करून टाकतो. पुढे व्याजदरही त्याच बाजूने काम करतो: 50 वर्षांनी येणारे 100 डॉलर 7 टक्के दराने आज 3.4 डॉलरचे उरतात, 3 टक्क्यांनी जवळजवळ 23 डॉलरचे. मासे सावरायला दशकं लागतात, बार्ज मात्र आजच चाललेला असतो.

परतल्यावर मी गटात मांडलं की तहाचा हक्क 'लाभ' म्हणून मोजूच नये. धरणाच्या सुरक्षिततेची अट आपण बेरजेत धरत नाही. ती पाळूनच पुढचा हिशेब होतो. इथेही तसंच करावं. मग सॅमनची किंमत एवढी आहे का, हा प्रश्नच उरत नाही. देणं कमीत कमी खर्चात कसं फेडायचं, एवढा उरतो. वरिष्ठांना हे पटवताना बराच वाद झाला, कारण ग्राहकाला शेवटी एकच आकडा हवा असतो. अखेर अहवालात दोन्ही मांडण्या शेजारी शेजारी गेल्या.

डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकार, चार जमाती आणि ओरेगन व वॉशिंग्टन ही दोन राज्यं यांच्यात करार झाला. त्यात धरणांच्या सेवांना पर्याय उभारण्याची तयारी होती. जून 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी केंद्राला त्यातून बाहेर काढलं. धरणं आहेत तिथेच आहेत.

माझं मत मी लपवत नाही: चारही धरणांचा मातीचा भराव काढून नदी मोकळी करावी. पण आधी रेल्वेभाड्यावर कायद्याची मर्यादा, जानेवारीच्या विजेची सोय आणि आइस हार्बरच्या जलाशयावर अवलंबून असलेल्या शेतांसाठी खोलवर नेलेले पंप. हा क्रम उलटला तर अल्मोटाचे ते शेतकरी विरोध करतील आणि तो रास्तच असेल. ही कामं वर्षानुवर्षांची आहेत. नेझ पर्सच्या 2021 च्या अभ्यासानुसार स्नेक खोऱ्यातल्या वसंत-उन्हाळी चिनूकच्या 42 टक्के समूहांत सलग चार वर्षं 50 किंवा त्याहून कमी जंगली मासे अंडी घालायला परतले होते. म्हणून पहिली निविदा रेल्वेच्या रुळांची निघायला हवी, आणि ती याच वर्षी.