बटवा परत, राजमुद्रा नाही

लार्पमध्ये, म्हणजे खेळाडू एकेक पात्र होऊन प्रत्यक्ष वावरत गोष्ट खेळतात त्या खेळात, चोरी चालते. पात्र चोराचं असेल तर खेळाडूनं चोरायलाच हवं. पण चोरायची ती फक्त पात्राची वस्तू, आणि ती ओळखू यावी म्हणून आमच्या खेळात तिला लाल फीत बांधतात. तलवार तर फीत असली तरी हलवायची नाही, नुसती तिच्यावरची चिठ्ठी काढून घ्यायची. फोमवर लेटेक्स चढवलेली तलवार कुणी टोकावर उभी करून ठेवली, की आतली दांडी हळूहळू टोकातून बाहेर येऊ लागते. मग ती कुणावर चालवणं धोक्याचं. रात्री जागून ती घडवणाऱ्याचं काय होत असेल, ते वेगळंच.

मी अशा खेळांत पंचाचं काम करते. त्या दिवशी जेवणाच्या थोडं आधी सेनापती झालेला खेळाडू माझ्याकडे आला. मूठ डोक्यावर, म्हणजे पात्राबाहेर. "ताई, माझा बटवा गेला. राजमुद्रा गेली त्याचं काही नाही, पण आत इन्सुलिनचं पेन होतं." आणि लगेच म्हणाला, "खेळ थांबवू नका मात्र."

याचंच मला वाईट वाटलं. औषध याचं गेलेलं, आणि काळजी खेळाची! मी शिट्टी वाजवून खेळ थांबवला.

कुणी चोरलं, असं मी विचारलं नाही. चारचौघांत विचारलं की चोराचं गुपित फुटतं, म्हणून लोक गप्प बसतात. एका बटव्यात एका खेळाडूचं औषध आहे, एवढंच सांगितलं आणि सगळ्यांनाच एकेक करून पंचांच्या तंबूत बोलावलं. कोण काय सांगून गेलं, ते बाहेर कुणाला कळणार नव्हतं.

चोर झालेली मुलगी रडवेली होऊन आली. फीत मुद्रेलाच बांधलेली होती, पण तिचं टोक बटव्याबाहेर लोंबत होतं, त्यामुळे हिला अख्खा बटवाच खेळातला वाटला. तिनं तो टोळीतल्या दुसऱ्याकडे दिला आणि त्यानं उन्हात तापलेल्या ताडपत्रीखाली दडवला. दोघांचाही हेतू वाईट नव्हता. पण तेवढ्यानं औषध थंड राहत नाही.

पेन हाताला गरम लागत होतं. वापरातलं इन्सुलिन सहसा 30 अंशांखाली ठेवायचं असतं. तापलं की त्याचा गुण कमी होतो, आणि ते नुसतं बघून कळेलच असं नाही. म्हणून त्यानं ते वापरलं नाही. सामानात थंड पिशवीत दुसरं पेन होतं, त्यामुळे निभावलं.

मग सैन्यातले काहीजण म्हणू लागले, चोरीच रद्द करा. ती मुलगीही मुद्रा परत द्यायला तयार होती. मी ठाम नाही म्हणाले. मुद्रेला फीत होती, ती नियमानं चोरली गेली होती. औषध परत करणं हे खेळाडूचं कर्तव्य होतं, आणि मुद्रा पळवणं हे चोराचं काम. ही दोन्ही एकाच तागडीत घातली असती, तर पुढच्या वेळी औषध हरवलेला माणूस खेळ बिघडेल या भीतीनं आमच्याकडे आलाच नसता.

दुपारीच नियम बदलला. खेळातली वस्तू खासगी पिशवीत ठेवायची नाही. आणि पिशवी उघडायचीच वेळ आली, तर मालकानं स्वतःच्या हातानं उघडायची.

संध्याकाळी मुद्रा शत्रूच्या छावणीत पोचली आणि सेनापतीला तिच्यासाठी तह करावा लागला.