आमची वाटचाल: थेंबवाले

परळच्या आमच्या गाळ्यावर पाटी आहे ती सागरी टँकच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या फिशटँकच्या देखभालीची, पण धंद्यात आम्हाला ‘थेंबवाले’ म्हणतात. अंधेरीच्या एका मोठ्या शोरूमच्या मालकाने आम्ही थेंब टाकून पाणी तपासतो म्हणून गिऱ्हाइकांपुढे आम्हाला हिणवायला हे नाव काढलं आणि ते चिकटलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सुरुवात २०११ची. क्रॉफर्ड मार्केटात गोड्या पाण्याचे मासे विकणारे पुष्कळ होते, रीफच्या, म्हणजे कोरल (प्रवाळ) असलेल्या टँकच्या पाण्याचं कुणालाच पडलेलं नव्हतं. आम्ही पाणी तपासायचं ठरवलं. कोरल विकायचं नाही हे पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. २००१ पासून आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्याच्या धंद्यात हात घालणाऱ्यांशी आम्ही संबंध ठेवला नाही.

पहिलं गिऱ्हाईक माटुंग्याच्या काकू. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मी सॅलिफर्ट कंपनीचं केएच (पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद) मोजायचं किट उघडलं, ४ मिली पाणी घेतलं, इंडिकेटर (रंग बदलणारं द्रव) टाकला आणि सिरिंज दाबू लागलो तशी त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. “अरे, शेवटाला घाई करायची नाही. एकेक थेंब, आणि प्रत्येक थेंबाला बाटली हलव.” निळसर हिरव्याचा नारिंगी-गुलाबी होतो तो क्षण त्यांनी मला पांढऱ्या कागदासमोर धरून दाखवला. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक मुलाला मी तसंच शिकवलं. सिरिंजमध्ये द्रवावर हवेची पोकळी राहते, ती राहू द्यायची. आकडा रबराच्या कडेवर वाचायचा. हे न कळल्यामुळे किटला नावं ठेवणारे आजही भेटतात.

मधली वर्षं चांगली गेली.

मग पाणी आपोआप मोजणारे मॉनिटर आले. प्रोब (मोजणारी कांडी) पाण्यात, आकडा मोबाइलवर. ज्या पुरवठादाराचा माल आम्ही वर्षानुवर्षं रोखीने उचलला, त्याने मॉनिटरची डीलरशिप आम्हाला न विचारता त्या अंधेरीच्या शोरूमला दिली. तिथला माणूस आमच्या एएमसीवाल्यांच्या (वार्षिक देखभालीचा करार केलेल्यांच्या) घरी जाऊन सांगू लागला, “बाटल्या हलवत बसणाऱ्यांना पैसे कशाला देता?” एकेक करत गिऱ्हाइकं गेली. किटच्या खोक्यांवरची मुदत संपत आली, अर्धा गाळा भाड्याने द्यावा लागला, दोन मुलांना दुसरीकडे काम बघायला सांगावं लागलं. त्या दिवसांत काकूंनी आमचं काम बंद केलं नाही. मॉनिटर त्यांनीही घेतला, पण दर आठवड्याला आमचं किट त्याच्याशेजारी चालवत राहिल्या. “पीएच प्रोब म्हणजे काचेचा फुगा. मळला की खोटं बोलणारच,” असं त्या म्हणायच्या.

आणि तसंच झालं. जुहूच्या एका हॉटेलचा लॉबीतला टँक आमच्याकडून गेला होता. केएच मोजणारं यंत्र केएच वाढवणारं द्रावण ओतणाऱ्या डोसिंग पंपाला जोडलेलं, स्क्रीनवर रोज ८.१. तरी हीटरवर पांढरा थर, वाळूचे गठ्ठे, ॲक्रोपोरा या कोरलची टोकं जळलेली. मॅनेजरने रात्री मला बोलावलं. मी थेंब टाकत गेलो, सिरिंज संपत आली तरी रंग फिरेना. १४च्या वर! हॅना कंपनीच्या चेकरवर (रंगावरून आकडा दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावर) पुन्हा पाहिलं, तेच. कॅल्शियम ३४०पर्यंत घसरलेलं. कारण सरळ होतं. हे यंत्र पाण्यात आम्ल टाकत जातं आणि पीएच ठरलेल्या आकड्यावर उतरला की थांबतं. प्रोब खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागला की आम्ल कमी लागतं, केएच कमी निघतो आणि पंप आणखी ओततो. कित्येक आठवडे कुणी ४ आणि ७ पीएचच्या बफरमध्ये (प्रोब तपासायच्या द्रावणात) प्रोब बुडवलाच नव्हता.

पंप बंद करून आम्ही केएच कोरलांच्या वापराने हळूहळू उतरू दिला. एकदम उतरवलं असतं तर उरलेलंही गेलं असतं. ती एएमसी आजही आमच्याकडे आहे. अंधेरीवाल्याने मात्र ‘किटवाल्यांनी टँक बिघडवला’ असं पसरवलं. तो आता टाइल्स विकतो, पण त्याने अजून शब्द मागे घेतलेला नाही.

आम्ही मॉनिटरच्या विरोधात नाही, आता विकतोही. बंद एसी फ्लॅटमध्ये पहाटे पीएच ७.८पर्यंत उतरतो, मे महिन्यात रात्री तीनला पाणी गार ठेवणारा चिलर बंद पडतो. हे किटला कधीच कळणार नाही, मॉनिटर लगेच सांगतो. पण त्याच्या आकड्यावर पंप सोडायचा असेल तर दर आठवड्याला एकदा हाताने केएच बघा. पावसाळ्यात प्रोबचे कनेक्टर उघडून मीठ पुसा, गंज तिथूनच लागतो. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं साधन) आरओच्या (गाळलेल्या गोड्या) पाण्यावर नाही, ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मिठाच्या) द्रावणावर लावून घ्या. चेकरची बाटली मायक्रोफायबरने पुसा, बोटाच्या ठशानेही आकडा हलतो. रीएजंट (किटमधलं रसायन) उघडलं की त्याच दिवशी झाकणावर पेनाने तारीख लिहा आणि ते फ्रिजच्या वर ठेवू नका, तिथे ऊब असते.