डबा कंपनीचा, पुढचं घर माझं

पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या भिंती दीड हात जाड. इंटरनेट कंपनीने ओसरीवर बसवलेल्या फायबरच्या डब्याचं वायफाय माजघरातच दम तोडतं, आणि मुलगी बारावीचा अभ्यास करते ती मागच्या खोलीत. स्वतःचा राऊटर लावायचा म्हटलं, तर कस्टमर केअरचं उत्तर: "डबा कंपनीची मालमत्ता आहे, काही बदलता येणार नाही."

मालमत्ता त्यांची, मान्य. डिपॉझिट भरलं म्हणून डबा माझा होत नाही. तो उघडू नये, त्यात दुसरं फर्मवेअर (डबा चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) घालू नये. रिसेटसुद्धा नको, आमचा लाइनमन म्हणतो, "दादा, रिसेट मारलं की आतलं सगळं उडतं." डब्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर सिरियल नंबर असतो, पलीकडचं कंपनीचं यंत्र, ओएलटी, त्यावरूनच डबा ओळखतं. बाजारातला ओएनटी, म्हणजे असाच दुसरा डबा, आणून हिरव्या टोकाची वायर खोचली, तर पॉनचा, म्हणजे फायबर जोडणीचा, दिवा सहसा नुसता लुकलुकतो, लाइन जुळत नाही. शिवाय एकाच फायबरवर गल्लीतली कितीतरी घरं असतात. प्रत्येक डब्याने आपल्या पाळीलाच प्रकाश सोडायचा; एखादा भलत्या वेळी सोडू लागला तर शेजाऱ्यांचंही नेट बसतं. इथवर कंपनीची काळजी खरी आहे.

पण लॅन पोर्टच्या, म्हणजे डब्यातून घरात केबल निघते त्या खाचेच्या, पुढे त्यांचा काय संबंध? मीटरला महावितरणचं सील असतं, म्हणून घरात पंखा कुठला लावायचा ते महावितरण ठरवत नाही. मी त्या पोर्टला माझा राऊटर जोडला, केबल माजघरातून मागे नेली, आणि अभ्यासाच्या खोलीत नेट खणखणीत आलं.

अडलं ते डीव्हीआरपाशी, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्रापाशी. स्टॅटिक आयपीचे (न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याचे) वेगळे पैसे भरूनही बाहेरून घरचे कॅमेरे दिसत नाहीत, कारण डबाही राऊटरच, म्हणजे राऊटर एकामागे एक दोन झाले, आणि बाहेरून येणारं पहिल्यापाशीच अडतं. डब्यात पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडायला अ‍ॅडमिन पासवर्ड हवा. तो देत नाहीत. मग डबा ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो राऊटरचं काम न करता नेट नुसतं पुढे देईल, आणि पीपीपीओईचं (कनेक्शनच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड मला द्या, मी माझ्या राऊटरमध्ये भरतो. त्यालाही नकार! काही तुटत नाही, कुणाचं नेट बसत नाही, तरी नकार.

जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःचा मोडेम-राऊटर लावायचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्यासाठीचे लॉगिन तपशील कंपनीने न मागता, फुकट द्यायचे असतात. मी तर डबासुद्धा बदलायला मागत नाही.

तक्रार नोंदवली आहे, डॉकेट नंबर आला आहे. नकाराचं कारण लेखी मागितलंय. ते आलं नाही, किंवा पुन्हा "मालमत्ता" एवढंच आलं, तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाणार.