तुम्ही विचारलंत म्हणून : ‘द लॉब्स्टर’वरून माणसे इतकी का भांडतात?

योर्गोस लँथिमोस या ग्रीक दिग्दर्शकाच्या ‘द लॉब्स्टर’चा विषय निघाला की मला हमखास एक प्रश्न विचारला जातो : या चित्रपटाला काही जण डोक्यावर घेतात आणि काही जण मध्येच उठून जातात, तर यांतले बरोबर कोण? विचारणाऱ्याचा सूर बहुधा असा असतो की एका बाजूला चित्रपट कळलेले लोक आहेत, दुसऱ्या बाजूला न कळलेले, आणि आपण कुठल्या बाजूचे एवढेच त्याला जाणून घ्यायचे आहे. ही वाटणीच मला मान्य नाही. ‘डोक्यावरून गेला’ असे या चित्रपटाबद्दल सर्रास ऐकू येते, परंतु त्याची गोष्ट डोक्यावरून जाण्यासारखी मुळीच नाही.

एका अनाम शहरात एकटे राहण्यास बंदी आहे. जोडीदार वारला किंवा सोडून गेला की माणसाला एका हॉटेलात आणून ठेवतात आणि ४५ दिवसांत नवा जोडीदार मिळाला नाही, तर त्याने स्वतः निवडलेल्या प्राण्यात त्याचे रूपांतर करतात. जंगलात पळून गेलेल्या एकट्या माणसांना भुलीच्या बंदुकीने टिपले, तर प्रत्येकामागे एक दिवस वाढवून मिळतो. बायकोने सोडलेला डेव्हिड (कॉलिन फॅरल) शेवंड (म्हणजेच लॉब्स्टर) होण्याचे ठरवतो, कारण त्याच्या मते शेवंड शंभर वर्षे जगते, जन्मभर प्रजननक्षम राहते आणि शिवाय त्याला समुद्र आवडतो. त्याच्याबरोबर आलेला कुत्रा हा त्याचा सख्खा भाऊ आहे. तो याच हॉटेलात येऊन गेला होता आणि त्याला जोडीदार मिळाला नव्हता. पुढे डेव्हिड हॉटेलातून पळून जंगलात जातो, जिथे प्रेम करण्यासच मनाई आहे, आणि नेमका तिथेच एका लघुदृष्टीच्या बाईच्या (रेचल वाइझ) प्रेमात पडतो. यात न कळण्यासारखे काय आहे? तेव्हा चित्रपट न आवडलेल्याला ‘तुला कळला नाही’ असे सुनावणारे रसिक मला उठून जाणाऱ्यांपेक्षा अधिक चुकीचे वाटतात. २०१५ साली कान चित्रपट महोत्सवात याला ज्युरी पारितोषिक मिळाले, पुढे पटकथेला ऑस्करचे नामांकनही मिळाले, हे सारे खरे आहे. पण पारितोषिकाचा दाखला देऊन कोणाचा कंटाळा खोटा ठरत नाही.

माझ्या मते भांडणाचे मूळ दुसरीकडे आहे. आपल्याला काय वाटावे, हे हा चित्रपट प्रेक्षकाला कधीच सांगत नाही. हॉटेलात दाखल होतानाचा प्रसंग पाहा. स्वागतकक्षातली बाई डेव्हिडला त्याचा लैंगिक कल विचारते. उभयलिंगी असा पर्याय आहे का, असे तो विचारतो, तेव्हा व्यवस्थापनाला अडचणी आल्यामुळे तो पर्याय बंद केल्याचे त्याला कळते. मग बुटाचे माप विचारले जाते. तो साडेचव्वेचाळीस सांगतो, तर अर्धी मापे ठेवत नाही, असे उत्तर येते. दोन्ही प्रश्न एकाच पट्टीत विचारलेले आणि दोन्ही उत्तरे एकाच पट्टीत दिलेली. कोणी हसत नाही, कोणी चिडत नाही, आणि पार्श्वसंगीतही प्रेक्षकाच्या मदतीला येत नाही. संगीत जेव्हा येते, तेव्हा शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराच्या तंतुवाद्यांच्या चौकडीचे करकरीत सूर अशा जागी येतात की साधासा प्रसंगही धमकीसारखा भासावा. शिकारीच्या दृश्यात तर माणसे माणसांमागे धावत असताना संथगती चित्रण आणि एक जुने, गोड ग्रीक गाणे जोडलेले आहे.

एरवी आपल्या भावनेची निम्मी सोय चित्रपटच करून ठेवत असतो. इथे ती सगळी जबाबदारी प्रेक्षकावर येऊन पडते. ज्याला ही मोकळीक वाटते तो बुटाच्या मापावर खो खो हसतो, आणि ज्याला हा कोरडेपणा वाटतो त्याला दोन तास एखादा सरकारी अर्ज मोठ्याने वाचून दाखवल्यासारखे होते. दोघेही पडद्यावर तेच पाहत आहेत आणि दोघांचाही अनुभव खरा आहे. फॅरलने भूमिकेसाठी वाढवलेले पोट, त्याचा चष्मा, त्याची पडेल चाल यांत मला अपार करुणा दिसते, पण ती दिसलीच पाहिजे असा आग्रह मी धरू शकत नाही, कारण दिग्दर्शकानेच तो धरलेला नाही.

प्राण्यांचा मुद्दा मात्र वेगळा काढायला हवा, कारण पुष्कळ जण तिथेच तुटतात. चित्रपट सुरू होतो तो पावसात गाडी चालवणाऱ्या एका बाईपासून. ती गाडी थांबवते, माळावर उतरते आणि तिथल्या एका गाढवाला गोळ्या घालते. कॅमेरा गाडीतच बसून राहतो, काचेवरचे वायपर हलत राहतात. ही बाई पुन्हा कधी दिसत नाही आणि खुलासाही होत नाही. माणसांचे प्राणी होतात, हे कळल्यावर त्या दृश्याचा अर्थ आपला आपल्यालाच लावावा लागतो. पुढे डेव्हिड हॉटेलातल्या सर्वांत निर्दय बाईशी जमवून घेण्यासाठी स्वतःही निर्दय असल्याचे सोंग आणतो, आणि ते पारखण्यासाठी ती त्याच्या भावाला, म्हणजे त्या कुत्र्याला, लाथा घालून ठार मारते. तिच्या पायावरचे रक्त आणि न्हाणीघरातले ते दृश्य पाहून उठून गेलेल्या प्रेक्षकाला मी नाजूक म्हणणार नाही. माझ्या लेखी ते दृश्य आवश्यकच आहे, कारण सोंगाची किंमत त्याखेरीज कळली नसती. पण आवश्यक असणे आणि सहन होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सर्वांत मोठी फूट पडते ती जंगलात. हॉटेलचा भाग आवडलेले कितीतरी लोक तिथून पुढे चित्रपटावर नाराज होत जातात, आणि या नाराजीला तक्रार म्हणून मी सर्वांत अधिक मान देतो. हॉटेलात आपली बाजू ठरलेली असते. जोडप्याने राहण्याची सक्ती, त्यासाठी रंगमंचावर करून दाखवली जाणारी बोधप्रद नाटुकली, जोडी जमायला साम्य लागते म्हणून नाकातून रक्त येणाऱ्या मुलीशी ते दाखवण्यासाठी स्वतःचे नाक आपटून फोडून घेणारा तो लंगडा तरुण (बेन व्हिशॉ), जोडप्यात भांडणे होऊ लागली तर त्यांना मूल नेमून देण्याची व्यवस्था : या सगळ्यावर हसताना आपण शहाण्यांच्या पक्षात असतो. लग्नावरून कधी ना कधी टोमणे ऐकलेल्या कोणालाही ही खिल्ली सुखावते. मग डेव्हिड पळतो, आणि आता मोकळा श्वास घेता येईल असे वाटत असतानाच जंगलातल्या एकट्यांची म्होरकी (लेआ सेदू) त्याला तिथले नियम सांगते. नाचायचे ते एकट्याने, आपापल्या कानात संगीत लावून. चुंबन घेतल्यास ओठ कापले जातील. आपली कबर आपणच खणून ठेवायची. एका जुलमातून सुटून माणूस त्याच्याच उलट्या प्रतीत जाऊन पडतो आणि प्रेक्षकाचा पक्षच काढून घेतला जातो.

उत्तरार्ध रेंगाळतो, जंगलातल्या एकट्यांच्या शहराच्या फेऱ्यांमध्ये तेच ते पुन्हा येते, हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. चाहते तो का झटकून टाकतात, ते मला कळत नाही. पण जंगलच नको होते, हे म्हणणे मान्य नाही. केवळ हॉटेल असते तर हा विवाहसंस्थेवरचा एक चुरचुरीत उपहास ठरला असता आणि सगळे एकमताने टाळ्या वाजवून घरी गेले असते. जंगलामुळे कळते की चित्रपटाचे वैर लग्नाशी नाही. माणसाने कसे असावे याचा नियम करणाऱ्या प्रत्येकाशी आहे, मग तो नियम एकटेपणाच्या बाजूचा का असेना.

शेवटाबद्दलही विचारले जाते. प्रेम केल्याचा दंड म्हणून त्या लघुदृष्टीच्या बाईला शस्त्रक्रियेने आंधळे केले गेले आहे, आणि तिच्यासारखे होण्यासाठी डेव्हिड एका उपाहारगृहाच्या स्वच्छतागृहात आरशासमोर सुरी डोळ्याशी धरून उभा आहे. ती बाहेर टेबलाशी वाट पाहते, आणि पडदा काळा होतो. त्याने केले की नाही? काहींना यात प्रेमाचा विजय दिसतो, काहींना पळपुटेपणा. मला एवढेच दिसते की साम्याशिवाय प्रेम नाही, हा हॉटेलचा नियम तो जंगल सोडल्यावरही पाठीवर घेऊन फिरतो आहे, आणि म्हणून त्याने सुरी चालवली काय किंवा न चालवली काय, दोन्हींत हॉटेलची हार होत नाही. निकाल दाखवला असता तर हा मुद्दा मागे पडला असता. शेवट अर्धवट सोडला म्हणून चिडणाऱ्यांशी माझे जमत नाही ते इथेच.

तुम्ही अजून तो पाहिला नसेल आणि झेपेल की नाही अशी शंका असेल, तर आधी याच दिग्दर्शकाचा २०१८ सालचा ‘द फेव्हरिट’ पाहावा. त्याची पटकथा दुसऱ्यांची आहे, त्यात माणसे उघडपणे चिडतात आणि रडतात, आणि ‘द लॉब्स्टर’मध्ये हॉटेलची थंडगार व्यवस्थापिका झालेल्या ऑलिव्हिया कोलमनला त्यातल्या राणीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. तो आवडूनही ‘द लॉब्स्टर’ तुम्हाला आवडला नाही, तर माझ्याकडे त्यावर प्रतिवाद नाही.